तोल आधी, मोटर मागाहून

समजा, माकणीजवळच्या निम्न तेरणा धरणाचे तुम्हाला चालता चालता चित्रण करायचे आहे. प्रत्येक पावलाला हात हलतो आणि चित्रही! म्हणून कॅमेरा गिंबलवर बसवतात. त्याला परस्परांशी काटकोनात असलेले तीन अक्ष असतात आणि प्रत्येकावर एक मोटर. पण मोटर चालू करण्यापूर्वी तोल साधावा लागतो. का बरे?

फूटपट्टी बोटावर ठेवा. बोट तिच्या गुरुत्वमध्याखाली असेल, तरच ती आडवी राहते. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्यही तिन्ही अक्षांवर आणावा लागतो. मोटर बंद ठेवून कॅमेरा पुढेमागे सरकवा. समोर रोखलेले भिंग झुकता कामा नये. मग भिंग आकाशाकडे करा. तेथेही ते स्थिर राहावे. नंतर डावीउजवी बाजू पाहा. शेवटी मूठ तिरपी धरा. सांगाडा आपोआप फिरू नये.

तोल चुकला, तर मोटरची शक्ती वजन पेलण्यातच खर्च होते. मोटर तापते, बॅटरी लवकर उतरते आणि हाताचा कंप थोपवायला पुरेसे बळ उरत नाही.

जवळ कॅमेरा नाही? फूटपट्टीच्या एका टोकावर खोडरबर ठेवा. आता बोट कोणीकडे सरकवावे लागते, ते पाहा. नियम तोच!