जुना खेळाडू, पगाराची मर्यादा आणि उद्याची बाकी

कापडाच्या धंद्यात जुना माल किती दिवस ठेवायचा, हा प्रश्न प्रत्येक दुकानदाराला पडतो. माल ठेवला तर भांडवल अडकते, घाईने काढला तर तोटा पदरी येतो. अमेरिकेतील फुटबॉल संघांच्या मालकांनाही दर वर्षी मार्च महिन्यात असाच प्रश्न पडतो. फरक एवढाच की तेथे मालाच्या जागी माणसे असतात. त्यांचा हिशेब कसा चालतो हे पाहणे व्यापारी बंधूंना उपयोगाचे ठरेल.

प्रथम हे लक्षात घ्यावे की अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याकडचा नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन धावतात आणि अंगावर धडका घेतात. त्यामुळे बहुतेक खेळाडूंचे शरीर तिशीतच थकू लागते. नॅशनल फुटबॉल लीग या संस्थेत 32 संघ असून हंगामात प्रत्येक संघाच्या मुख्य यादीत 53 खेळाडू असतात. 1994 साली लीगने पगारावर मर्यादा घातली. म्हणजे मालक कितीही श्रीमंत असला तरी खेळाडूंवर ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च हिशेबात दाखवता येत नाही. ही रक्कम 1994 मध्ये प्रत्येक संघाला 3 कोटी 46 लाख डॉलर होती, ती 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख झाली. 2010 चे एक वर्ष सोडले तर हा नियम सतत चालू आहे. मर्यादा लीगच्या उत्पन्नावर ठरते. म्हणूनच कोरोनाच्या काळात प्रेक्षक नसल्याने 2020 ची 19 कोटी 82 लाखांची रक्कम 2021 मध्ये 18 कोटी 25 लाखांवर आली.

आता खरी गोम पाहू. खेळाडूला करार करतेवेळी मोठी रक्कम रोख दिली जाते. ही एक प्रकारची पेशगीच होय. पैसा आज दिला जातो, पण मर्यादेच्या वहीत तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, सारखा वाटून लिहिला जातो. समजा, पाच वर्षांच्या करारात 5 कोटी डॉलर पेशगी दिली. वहीत दर वर्षी 1 कोटी लागेल. दोन वर्षांनी खेळाडूला काढले तर उरलेले 3 कोटी एकदम त्याच वर्षाच्या खात्यावर चढतात. 1 जूननंतर काढल्यास 1 कोटी त्या वर्षी आणि 2 कोटी पुढच्या वर्षी लागतात. खेळाडू मैदानावर नसतो, पण त्याची बाकी वहीत असते. याला तेथे ‘मृत पैसा’ म्हणतात.

डेन्व्हर संघाने 2022 मध्ये रसेल विल्सन या खेळाडूशी पाच वर्षांचा सुमारे 24 कोटी 50 लाख डॉलरचा वाढीव करार केला. खेळ जमला नाही. मार्च 2024 मध्ये त्याला मोकळे केले तेव्हा त्या वाढीव कराराचे पहिले वर्षही सुरू झाले नव्हते. दोन वर्षांत मिळून सुमारे 8 कोटी 50 लाख डॉलरची बाकी संघाच्या बोकांडी बसली. तरीही त्याच वर्षी डेन्व्हरने 10 सामने जिंकून बाद फेरी गाठली. कारण त्याच्या जागी बो निक्स हा नवा खेळाडू होता. नव्या खेळाडूंचा पगार 2011 पासून ठरलेल्या श्रेणीप्रमाणे असतो, म्हणून तो स्वस्त पडतो. या स्वस्त वर्षांमुळेच जुने कर्ज फेडायला जागा मिळते.

मग पेशगी देणे चूकच का? तसे नाही. टॅम्पा बे संघाने टॉम ब्रॅडीला 2020 मध्ये घेतले तेव्हा तो 42 वर्षांचा होता. फेब्रुवारी 2021 मध्ये त्यांनी अजिंक्यपद मिळवले. ब्रॅडी 2023 मध्ये निवृत्त झाला आणि त्या वर्षी संघाला सुमारे 3 कोटी 50 लाखांची बाकी सोसावी लागली. पण अजिंक्यपद पदरात पडले होते. कर्ज कशासाठी काढले आणि हंगाम साधला की नाही, यावर सगळे अवलंबून असते.

ग्रीन बे संघाची चाल वेगळी. ब्रेट फार्व्ह खेळत असतानाच 2005 मध्ये त्यांनी ॲरन रॉजर्सला घेतले आणि तीन वर्षे शिकू दिले. 2008 मध्ये फार्व्ह गेला, रॉजर्स उभा राहिला. पुढे 2020 मध्ये जॉर्डन लव्हला घेतले आणि 2023 मध्ये रॉजर्सही गेला. जुन्याची गरज असतानाच नव्याला तयार करणे, हे त्यांचे धोरण. त्यात जुन्या माणसाची नाराजी ओढवते, हेही खरे.

हिशेब बरोबर असला तरी निकाल हाती नसतो. इंडियानापोलिस संघाने मार्च 2012 मध्ये पेटन मॅनिंगला सोडले. त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि 2 कोटी 80 लाख डॉलर देण्याची मुदत जवळ आली होती. त्याच्या जागी आलेला अँड्र्यू लक दुखापतींनी त्रस्त होऊन 2019 मध्ये 29 व्या वर्षी निवृत्त झाला. उलट मॅनिंगने फेब्रुवारी 2016 मध्ये डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून दिले, तेव्हा तो 39 वर्षांचा होता.

आपल्या पेढीवर पगाराची अशी मर्यादा कोणी घातलेली नाही, पण गल्ल्याची मर्यादा असतेच. आजची उचल पुढच्या हंगामाच्या खात्यात किती लागेल, हे करार करतानाच लिहून ठेवावे. जुना कारागीर कामावर आहे तोवर त्याच्या हाताखाली नवा तयार करावा. आणि ज्याने उमेदीची वर्षे दिली त्याला केवळ वहीतला आकडा पाहून निरोप देऊ नये. त्याच्या हातात अजून काय शिल्लक आहे, हे आधी नीट पाहावे.