वसुलीवाला दारात आला तर आधी कागद मागा

काल रात्री साडेआठला कोपरखैरण्यात शेजारच्या काकूंकडे दोन वसुलीवाले आले. कर्ज मुलाचं आणि आरडाओरडा काकूंवर, तोही अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा.

मी बँकेचं अधिकारपत्र मागितलं. एकाने मोबाईलवर ओळखपत्राचा फोटो दाखवला, पत्र नव्हतंच. दोघंही निघून गेले.

रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर तगाद्याचा फोनही करता येत नाही. धमकावणं, चारचौघांत अपमान, घरच्यांना त्रास तर मुळीच चालत नाही.

बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार मोफत असते, माहितीसाठी १४४४८. मारहाणीची भाषा केली तर थेट ११२.

काही शंका असेल तर खाली विचारा.