पहिली भाषा एकच, पण पक्की!

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे गुण हाती येतात आणि प्रवेशाच्या याद्या लागेपर्यंत काही आठवडे मोकळे मिळतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत संगणक किंवा अभियांत्रिकी शाखेकडे निघालेल्या मुलांच्या घरी या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो. कॉलेज सुरू होण्याआधी कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकावी? कुणी पायथन सांगतो, कुणी सी, कुणी जावा. मग ऊसबिलातले पैसे बाजूला काढून मुलाला एकाच सुट्टीत चार-पाच भाषांच्या क्लासला घातले जाते. सुट्टी संपते तेव्हा चार भाषांची तोंडओळख झालेली असते, पण एकाही भाषेत स्वतःचा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येत नाही.

असे का होते, याचे उत्तर मेंदूच्या कामकाजात आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येईल अशा नव्या गोष्टींची संख्या फार थोडी असते. प्रोग्रॅमिंग शिकताना दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात. एक म्हणजे विचार करण्याची रीत, म्हणजे चल, अट, लूप, फंक्शन आणि यादी. दुसरी म्हणजे ते लिहिण्याचे नियम, म्हणजे कंस कुठे, स्वल्पविराम कुठे. विचाराची रीत बहुतेक भाषांत सारखीच असते, लिहिण्याचे नियम मात्र बदलतात. रीत पक्की होण्याआधीच नियम बदलत राहिले, तर डोक्यात नियमांचाच गोंधळ उरतो. एक ट्रॅक्टर नीट चालवता येणाऱ्याला दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक्टर हाताळायला फार वेळ लागत नाही. भाषांचेही तसेच आहे.

सुरुवात पायथनने का?

नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रॉसम यांनी 1991 मध्ये खुली केलेली पायथन ही भाषा बहुतेकांसाठी सोयीची पहिली भाषा आहे. तिच्यात लिहिण्याचे नियम कमी आहेत. तिचे राखीव इंग्रजी शब्द अवघे 35 आहेत, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजीची धास्ती घेण्याचे कारण नाही. पायथन 3 मध्ये चलांना ‘उतारा’, ‘वजन’ अशी मराठी नावेही देता येतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा विषय पायथनवरच आधारलेला होता.

सरावासाठी उदाहरणही घरचेच घ्यावे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने उसाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरवली. उतारा दर 0.1 टक्क्याने वाढला की 3.46 रुपये जास्त, घटला की तेवढेच कमी. मात्र उतारा 9.5 टक्के किंवा त्याहून खाली असला, तरी दर 329.05 रुपयांच्या खाली जात नाही.

याचा प्रोग्रॅम लिहायला घेतला, की पायाच्या सगळ्या कल्पना हाताखालून जातात. उतारा 11.25 टक्के दिला, तर उत्तर 389.60 रुपये यायला हवे. उतारा 9 टक्के दिला आणि किमान दराची अट लिहायची राहिली, तर प्रोग्रॅम बिनतक्रार 311.75 रुपये दाखवतो. म्हणजे टनामागे 173 रुपयांची चूक, आणि संगणक एका शब्दाने सांगत नाही. उत्तर हाताने पडताळण्याची सवय इथेच लागते. पुढे तोडणी-वाहतूक वजा करावी, मग दहा शेतकऱ्यांची यादी घेऊन लूप चालवावा. दोन आठवड्यांचा अभ्यास एवढ्यात होतो.

नंतर सी

डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्समध्ये घडवलेली सी ही भाषा आजही पदवीच्या पहिल्या वर्षात अनेक ठिकाणी शिकवली जाते. पायथन ज्या गोष्टी झाकून ठेवते, त्या सी उघड करते. सात टन ऊस दोन खेपांत गेला, तर एका खेपेला किती? पायथन 3.5 सांगते. सीमध्ये दोन्ही आकडे पूर्णांक म्हणून दिले, तर उत्तर 3 येते आणि अर्धा टन गायब होतो. आकडा मेमरीत कसा साठवला आहे, याचा विचार सी करायला लावते. पायथनचा पाया झाला असेल, तर हे समजायला जड जात नाही.

शाखेप्रमाणे यात थोडा फरक करावा. बीएस्सी संगणकशास्त्र किंवा बीसीए करणाऱ्यांनी पायथननंतर लगेच सी हाती घ्यावी. इलेक्ट्रॉनिक्सकडे जाणाऱ्यांना आर्डुइनोवर सराव केल्यास सी आणि सी प्लस प्लस दोन्हींची ओळख होते. बारावीला संगणकशास्त्रात सी प्लस प्लस झाली असेल, तर तीच पक्की करावी, नव्याने सुरुवात करू नये. वेबसाइट बनवण्याची हौस असेल, तर एचटीएमएलसोबत जावास्क्रिप्ट शिकावी. जावा कॉलेजात येतेच, तिची घाई नको. स्वायत्त महाविद्यालयांचा अभ्यासक्रम वेगळा असू शकतो, तेव्हा प्रवेश ठरताच तो महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर पाहावा.

सगळ्या भाषा एकदम कशाला लागत नाहीत, हे उसाच्या शेतातही दिसते. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केला आहे. उपग्रहाची छायाचित्रे, हवामान आणि जमिनीतील ओलावा यांची माहिती त्यात वापरली जाते. अशा कामात सेन्सरच्या चिपसाठी सर्वसाधारणपणे सी किंवा सी प्लस प्लस, माहितीच्या विश्लेषणासाठी पायथन आणि मोबाइल अ‍ॅपसाठी जावा किंवा कोटलिन वापरतात. ही कामे वेगवेगळी माणसे करतात. प्रत्येकाने सुरुवात मात्र कुठल्यातरी एकाच भाषेपासून केलेली असते.

खर्च किती?

जुना लॅपटॉप पुरतो. पायथन आणि सीचे कंपायलर मोफत मिळतात. लॅपटॉप नसेल, तर मोबाइलच्या ब्राउझरवर गुगल कोलॅब चालते. टायपिंगला वेळ लागतो, पण सराव होतो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. चॅटजीपीटीसारखी साधने क्षणात प्रोग्रॅम लिहून देतात. पण आधी स्वतः लिहावे, अडले तर चुकीच्या संदेशाची शेवटची ओळ वाचावी आणि मगच त्यांना विचारावे.

तयारी झाली की नाही, हे प्रमाणपत्रावरून ठरवू नये. कोरी फाइल उघडून, कुठेही न बघता, एफआरपीचा प्रोग्रॅम तासाभरात लिहिता आला आणि तीन वेगवेगळ्या उताऱ्यांवर त्याचे उत्तर हाताच्या हिशेबाशी जुळले, तर पहिल्या वर्षासाठी तेवढे पुरेसे आहे. उरलेले दिवस गणिताला द्यावेत.