कामावर जाण्यासाठीही विमानच : वैमानिकांच्या ये-जा प्रवासाचे गणित

अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोकडे निघालेले कोल्गन एअर कंपनीचे विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले. विमानातील ४९ जण आणि जमिनीवरील एक व्यक्ती असे एकूण ५० जण मृत्युमुखी पडले. विमानाचा वेग धोकादायक मर्यादेपर्यंत खाली आल्याची सूचना मिळाल्यावर मुख्य वैमानिकाने नेमकी उलटी कृती केली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये काढला. परंतु चौकशीदरम्यान आणखी एक माहिती पुढे आली आणि सर्वसामान्य प्रवाशांना तिचेच अधिक आश्चर्य वाटले. या विमानाच्या सहवैमानिक सिअ‍ॅटल परिसरात राहत होत्या आणि त्यांचे कामाचे ठिकाण होते नेवार्क, म्हणजे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या संध्याकाळी त्या एका मालवाहू विमानाने निघाल्या, मध्यरात्रीनंतर मेम्फिस येथे विमान बदलले आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास नेवार्कला पोहोचल्या. दुपारी दीड वाजता त्यांना कामावर हजर व्हायचे होते. मुख्य वैमानिक फ्लोरिडा राज्यात राहत होते आणि त्यांनी आदली रात्र विमानतळावरील कर्मचारी कक्षात काढली होती. दोघांपैकी कोणालाही त्या रात्री धड बिछाना मिळालेला नव्हता.

या थकव्याचा दोघांच्या कामगिरीवर परिणाम झाला असण्याची शक्यता मंडळाने नोंदवली. मात्र तो अपघाताला किती प्रमाणात कारणीभूत ठरला, हे निश्चित सांगता येत नाही, असेही स्पष्ट केले. त्या कंपनीच्या नेवार्क येथील १३७ वैमानिकांपैकी ९३ जण असेच बाहेरगावाहून ये-जा करणारे होते, ही नोंदही याच चौकशीतली.

मुंबई-पुणे मार्गावरील पासधारकांना ये-जा म्हणजे काय ते सांगण्याची गरज नाही. परंतु डेक्कन क्वीनचा पासधारक आणि विमानाने कामावर जाणारा वैमानिक यांच्यात मोठा फरक आहे. पासधारकाची गाडी चुकली तर साहेबांची बोलणी खावी लागतात. वैमानिक पोहोचला नाही तर दीड-दोनशे प्रवाशांचे विमान जागेवर उभे राहते. शिवाय पासधारकाला निदान उभे राहून तरी जाता येते.

मग वैमानिक कामाच्या गावीच का राहत नाहीत? अमेरिकेत याची कारणे नोकरीच्या रचनेतच आहेत. तेथील वैमानिकाचा तळ, म्हणजे ज्या विमानतळावरून त्याची कामगिरी सुरू होते ते ठिकाण, सेवाज्येष्ठतेनुसार मिळते. कंपनी तळ बंद करते, नवा उघडते, विमानाचा प्रकार बदलला की तळही बदलतो. प्रत्येक वेळी घर विकून, मुलांची शाळा आणि जोडीदाराची नोकरी सोडून बिऱ्हाड हलवणे शक्य नसते. कंपनी बदलावी, तर ज्येष्ठता पुन्हा शून्यापासून. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांतील घरभाडे नवख्या वैमानिकाच्या आवाक्याबाहेरचे असते. उलट कंपनीच्या विमानांत रिकाम्या जागेवर जवळजवळ फुकट प्रवास करण्याची सवलत असल्याने दूर राहणे सोयीचे वाटते.

या प्रवासाचे दोन मार्ग आहेत. पहिला, प्रवासी कक्षातील रिकामी जागा. ती प्रतीक्षा यादीनुसार मिळते आणि पैसे देणारा प्रवासी शेवटच्या क्षणी आला तरी त्याचा हक्क आधी. दुसरा मार्ग चालककक्षातील जादा आसनाचा. त्याला जंप सीट म्हणतात. भाषांतराच्या टेबलावर हा शब्द प्रथम आला तेव्हा प्रस्तुत लेखकाने ‘उडी मारण्याचे आसन’ असे लिहून ठेवले होते; सुदैवाने वरिष्ठांनी ते छापून येऊ दिले नाही. हे घडीचे आसन अन्य कंपनीच्या वैमानिकालाही मिळू शकते. त्यासाठी त्याची ओळख आणि नोकरी संगणकीय यंत्रणेद्वारे पडताळली जाते. तरीही अंतिम परवानगी त्या विमानाच्या मुख्य वैमानिकाची असते आणि ती हक्क म्हणून मागता येत नाही.

म्हणूनच अनुभवी मंडळी नवख्यांना सांगतात की दाराशी असलेल्या कर्मचाऱ्याशी नम्रतेने बोला, गर्दीच्या वेळी घाई करू नका, मुख्य वैमानिकाला स्वतः भेटून विचारा आणि उतरताना आभार माना. विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना चालककक्षात कामाव्यतिरिक्त बोलण्यास अमेरिकेत १९८१ पासून मनाई आहे. तेथे बसलेल्या पाहुण्यानेही गप्पा सुरू करू नयेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात या आसनावर बसलेल्या, कामावर नसलेल्या एका वैमानिकाने इंजिने बंद करण्याचा प्रयत्न केला होता. चालकांनी त्याला रोखले आणि विमान पोर्टलंडला सुखरूप उतरवले. या आसनासाठी इतकी काटेकोर पडताळणी का, असा प्रश्न त्यानंतर कोणाला पडू नये.

प्रवासाच्या नियोजनात सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिशेब मागून पुढे करायचा. हजर होण्याची वेळ धरून मागे जावे आणि किमान दोन विमाने हाताशी राहतील असे पाहावे. पहिल्यात जागा मिळाली नाही किंवा ते रद्द झाले तर दुसऱ्याने वेळेवर पोहोचता आले पाहिजे. अनेक अमेरिकी कंपन्यांच्या वेतन करारांतही अशा पर्यायी विमानाची अट असते. ती पाळूनही वैमानिक पोहोचू शकला नाही, तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होत नाही. मात्र त्यासाठी कंपनीला वेळीच कळवावे लागते. पहिले विमान चुकताच दूरध्वनी करावा, दुसरे चुकेपर्यंत थांबू नये. हिवाळ्यात शिकागो किंवा न्यूयॉर्कला जाणाऱ्याने दोन विमानांवरही विसंबून राहू नये. सणासुदीच्या आठवड्यात तर सरळ तिकीट विकत घेतलेले बरे. तिकिटाचे पैसे वाचवण्यासाठी नोकरी पणाला लावण्यात शहाणपण नाही.

परंतु वेळेवर पोहोचणे म्हणजे काम करण्याच्या स्थितीत पोहोचणे नव्हे. बहुतेकांची चूक येथेच होते. कोल्गन अपघातानंतर अमेरिकी काँग्रेसने २०१० च्या कायद्याद्वारे या विषयाचा अभ्यास करण्यास सांगितले. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीचा अहवाल २०११ मध्ये आला. ये-जा करण्यावर बंधन घालणारा नियम करण्याइतकी माहिती उपलब्ध नाही, असे समितीने म्हटले. मात्र वैमानिकांना तिने दिलेला सल्ला कोणालाही समजेल इतका सोपा आहे. कामावर हजर होण्यापूर्वी किमान सहा तास झोप घ्यावी आणि काम संपण्याच्या नियोजित वेळी आपण जागे होऊन सुमारे सोळा तासांपेक्षा अधिक काळ झालेला नसावा, अशा रीतीने प्रवास आखावा.

हे प्रत्यक्षात मांडून पाहू. समजा टँपा येथे राहणाऱ्या वैमानिकाला अटलांटा येथे दुपारी दीड वाजता हजर व्हायचे आहे आणि शेवटचे विमान उतरवून काम रात्री साडेअकराला संपणार आहे. साडेअकरातून सोळा तास वजा केले की सकाळचे साडेसात येतात. म्हणजे त्याने त्यापूर्वी उठता कामा नये. पण दोन विमानांची सोय ठेवायची म्हणून तो पहाटे पाचला उठला, तर शेवटचे विमान उतरवताना तो अठरा तास जागा असेल. सलग सतरा तास जागरणानंतर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असल्याइतकी खालावते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले होते. अटलांटा जवळ आहे, तासा-दीड तासाचे तर उड्डाण, असे म्हणून हा वैमानिक स्वतःची समजूत घालतो. अंतर खरोखरच थोडे आहे. त्याची झोप मोडली ती उठण्याच्या वेळेने. अशा कामगिरीसाठी आदल्या संध्याकाळीच निघणे योग्य.

आदल्या संध्याकाळी निघायचे तर रात्र काढायला जागा हवी. हॉटेलचा खर्च परवडत नाही, म्हणून अनेक वैमानिक व हवाई कर्मचारी मिळून एखादे घर भाड्याने घेतात. त्याला क्रॅश पॅड म्हणतात. येथे क्रॅश म्हणजे अपघात नव्हे, तर अंग टाकून झोपणे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील क्यू गार्डन्स या वस्तीत अशी घरे इतकी, की तिला गमतीने क्रू गार्डन्स म्हटले जाते. काही ठिकाणी प्रत्येकाची ठरलेली खाट असते, तर काही ठिकाणी जी मोकळी असेल ती. भाडे अर्थातच वेगवेगळे. घर पाहताना भाड्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : दिवसा अंधार करता येतो का, रात्री दोनला येणारा सहकारी दिवा लावतो का आणि पहाटे विमानतळावर जायला वाहन मिळते का. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी आणखी एक काळजी घ्यावी. तळ एकच असला तरी कामगिरी केनेडी, लागार्डिया किंवा नेवार्क यांपैकी कोठूनही सुरू होऊ शकते, आणि नेवार्क तर नदीपलीकडे दुसऱ्या राज्यात आहे.

कामाची निवड करतानाही विचार करावा. पहिल्या दिवशी उशिरा सुरू होणारी आणि शेवटच्या दिवशी लवकर संपणारी कामगिरी ये-जा करणाऱ्यास सोयीची. पण सोय पाहणारे सगळेच असल्यामुळे ती ज्येष्ठांच्या वाट्याला जाते. नव्याने लागलेल्याला बहुधा राखीव कामावर ठेवतात आणि बोलावणे आले की दोन-तीन तासांत हजर व्हावे लागते. त्या काळात दूर राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, तळाच्या गावीच थांबावे लागते. नोकरी स्वीकारण्यापूर्वी घरच्यांना हे सांगितलेले बरे. महिन्यातील बारा दिवस सुट्टीचे असले, तरी त्यांतील तीन-चार विमानतळांवर जातात आणि त्यांचे वेतन मिळत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रवास खाजगीच आहे. कंपनीने स्वतःच्या गरजेसाठी वैमानिकाला प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी पाठवले, तर तो वेळ कामात धरला जातो. घरून तळापर्यंतचा प्रवास धरला जात नाही. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून लागू असलेल्या नियमांनुसार कामापूर्वी सलग दहा तासांची विश्रांती आणि तीत आठ तास झोपेची संधी मिळणे आवश्यक आहे. पण वैमानिकाने त्या दहा तासांतच प्रवास केला, तर जबाबदारी त्याची. प्रत्येक उड्डाणापूर्वी आपण काम करण्यास योग्य आहोत, असे त्याला लेखी नमूद करावे लागते. युरोपात घरून तळावर पोहोचण्यास नेहमी दीड तासाहून अधिक वेळ लागत असेल, तर जवळ तात्पुरत्या निवासाचा विचार करावा, अशी सूचना आहे.

थकवा जाणवत असेल तर उड्डाण नाकारण्याचा अधिकार वैमानिकाला आहे. तो वापरताना संकोच वाटतो, कारण विमान रिकाम्या खुर्चीमुळे अडल्याचे सर्वांना दिसते. तरीही सांगायचेच असेल तर शक्य तितक्या लवकर सांगावे. बदली वैमानिक मिळण्यासाठी कंपनीला वेळ लागतो. कॉफीने निभावून नेण्याचा बेत करू नये. कॉफीचा अंमल तासन्‌तास टिकतो, आणि दुपारी चारला घेतलेला पेला रात्रीची झोप उडवतो. त्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी उपयोगी, मात्र जाग आल्यावर पूर्ण सावध होण्यासाठी थोडा अवधी ठेवावा.

भारतात चित्र काहीसे वेगळे आहे. अनेक कंपन्या वैमानिकांना घरून नेण्या-आणण्यासाठी गाडी देतात, त्यामुळे बहुसंख्य वैमानिक तळाच्या शहरातच राहतात. तरीही दिल्लीत तळ आणि कोची, गुवाहाटी किंवा नागपूरला कुटुंब, अशी स्थिती येथेही उद्भवते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या सुधारित नियमांनुसार १ जुलै २०२५ पासून साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तासांची झाली. त्याच नियमांचा रात्रीच्या उड्डाणांविषयीचा पुढील टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा हे नियम देशभर चर्चेत आले होते.

मिळालेल्या ४८ तासांत घरी जाऊन यावे, असा मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र परतीचे विमान कामाच्या आदल्या संध्याकाळचे निवडावे, पहाटेचे नको. भारतात उड्डाणापूर्वीचे बारा तास मद्य वर्ज्य आहे आणि हजर होताना श्वासचाचणीही होते. परदेशातून प्रवासी म्हणून परतणाऱ्या वैमानिकाने विमानात पुढे आलेला पेला नाकारताना घड्याळ पाहण्याचीही गरज नाही.