चांदीचे छायाचित्र काळवंडते का?

जबलपूरच्या सराफ्यातील चांदीची भांडी, किंवा भेडाघाटचे शुभ्र संगमरवरी खडक यांचे छायाचित्र नवशिक्याने घेतले, तर ते पुष्कळदा करडे उमटते. दोष फिल्मचा नसतो. समोरची वस्तू सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करते, म्हणजे ती मध्यम करडी आहे, असे गृहीत धरूनच प्रकाशमापक आपला आकडा सांगतो. म्हणून शुभ्र वस्तूस त्या आकड्याच्या दुप्पट ते चौपट प्रकाश द्यावा. काळ्या मखमलीस मात्र कमी. त्याच उजेडात करडा पुठ्ठा धरून माप घेणे अधिक सोपे होय.

दुकानात उजेड अपुरा असल्यास फ्लॅश वापरावा. पण चकाकी टाळण्यासाठी तो तिरपा धरावा. अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश चतुर्थांश उरतो, हेही ध्यानात ठेवावे.

फिल्मवरील प्रकाशसंवेदी थरातही चांदीचीच संयुगे असतात. चुकून पडलेला प्रकाशही त्यांवर कायमचा उमटतो. म्हणून फिल्म सावलीत भरावी, आणि ती पुरती उलट गुंडाळल्याशिवाय कॅमेऱ्याचे झाकण उघडू नये. एका क्षणाच्या उतावळेपणाने सारी चित्रे नष्ट होतात. ती पुन्हा मिळत नाहीत.