पहांटे गाडी सुरू कां होत नाहीं?

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हें गांव आहे. मागें सह्याद्रीची उभी भिंत, पुढें भातखाचरें. त्यामुळें पौषांतली पहांट येथें चांगलीच गार असते. अशाच एका पहांटे शेजारच्या आजीबाईंना दम लागला आणि त्यांना मुरबाडास रुग्णालयांत नेण्यासाठीं आम्हांस हांक आली. आमच्याजवळ जुनी पद्मिनी मोटार होती. आम्ही घाबरून सेल्फ मारीत राहिलों, ॲक्सिलरेटर दाबीत राहिलों. एंजिन कांहीं सुरू होईना आणि शेवटीं बॅटरीहि बसली. जुन्नरकडून भाजी घेऊन कल्याणास निघालेल्या एका टेंपोवाल्यानें आजींना नेलें, म्हणून त्या वेळेवर पोंचल्या. दुपारीं परततांना त्यानें आमची गाडी पाहिली व एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, पेट्रोलचा वास आला होता का?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्या प्रश्नांतूनच हा लेख निघाला आहे.

पद्मिनी ही आपल्याच प्रांतांत तयार झालेली मोटार. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट मोटारीच्या नमुन्यावर ती बनत असे. १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. २००० सालाच्या सुमारास ती निघणें बंद झालें. हल्लींच्या गाड्यांत पेट्रोल किती सोडावयाचें तें संगणक ठरवितो. जुन्या गाडींत तें काम कार्बुरेटर करतो, आणि थंडींत त्याला चालविणाराच्या बुद्धीची जोड लागते.

पेट्रोल द्रवरूपांत जळत नाहीं. त्याची वाफ हवेंत मिसळली म्हणजे ती जळते. वजनानें पाहतां एक भाग पेट्रोलास सुमारें १५ भाग हवा लागते. एंजिन थंड असलें कीं वाफ थोडीच होते व बाकीचें पेट्रोल थेंबांच्या रूपानें नळीच्या भिंतीस चिकटून राहतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं चोक असतो. तो ओढला कीं कार्बुरेटरच्या तोंडावरील झांकण मिटतें, हवा कमी शिरते व पेट्रोल अधिक ओढलें जातें. शिवाय थंडीनें एंजिनांतील तेल घट्ट होतें आणि बॅटरीचा जोर घटतो. म्हणून गाडी अडल्यास पुढील प्रश्न याच क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न: सेल्फ मारल्यावर एंजिन जोरानें फिरतें का? तें रडतरडत फिरत असेल व दिवे मंदावत असतील, तर कार्बुरेटरास हात लावूं नये. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी सांचली आहे का तें पहावें. तारा सोडवून, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानें टोकें पुसून कोरडीं करावीं व तारा पुन्हां घट्ट आवळाव्या.

दुसरा प्रश्न: पेट्रोलचा वास येतो का? चोक ओढून दोनतीनदां सेल्फ मारूनहि वास नसेल, तर पेट्रोल पोंचत नाहीं असें समजावें. गाडी पुष्कळ दिवस उभी असली तर कार्बुरेटरच्या वाटींतील पेट्रोल उडून जातें. एंजिन बंद ठेवून हवेचा फिल्टर काढावा, आंत पहावें व ॲक्सिलरेटरची कांडी हलवावी. बारीक धार दिसली पाहिजे. चोकचें झांकण पुरें मिटतें का, हेंहि त्याच वेळीं पहावें. त्याची तार सैल होऊन घसरणें हा नेहमींचा दोष आहे.

तिसरा प्रश्न: वास फार उग्र आहे का? असेल तर प्लग पेट्रोलनें भिजले आहेत; मेकॅनिक यास ‘ओव्हरफ्लो’ म्हणतात. चोक आंत सारावा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि मग सेल्फ मारावा. एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक मारूं नये. मध्यें अर्धा मिनिट विसावा द्यावा.

चौथा प्रश्न: ठिणगी पडते का? प्लग काढून पहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीं. ओला असेल तर ठिणगी नाहीं अथवा पेट्रोल जास्त. काळी काजळी असेल तर मिश्रण फार दाट झालें आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणांत दंवाचा ओलावा शिरला असल्यास कोरड्या फडक्यानें तो पुसावा.

हें सर्व करतांना विडी किंवा दिवा जवळ आणूं नये, आणि बंद जागेंत एंजिन चालू ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो व तो प्राणघातक आहे. मुलांनीं वडील माणसांवांचून यांतील कांहींहि करूं नये.

आमच्या गाडीचें निदान शेवटीं असें झालें: बॅटरीच्या टोकांवर भुकटी जमली होती, म्हणून एंजिन मंद फिरलें, आणि ॲक्सिलरेटर वारंवार दाबून आम्हींच प्लग भिजविले. ती भुकटी आम्हीं कित्येक आठवडे पाहिली होती, पण दुपारीं गाडी सुरू होत असल्यामुळें मनावर घेतली नव्हती. युरोपांत शून्याखालच्या थंडींतहि कार्बुरेटरच्या गाड्या चालत असत. मग वैशाखऱ्याच्या थंडीस दोष कसा द्यावा? परीक्षा जशी अज्ञान निर्माण करीत नाहीं, केवळ उघड करते, तसेंच थंडीचें आहे. आतां दर शनिवारीं आम्ही ती टोकें पुसतों. आजीबाई अद्याप शेजारीं आहेत, आणि हांक पुन्हां केव्हां येईल हें कोणास सांगतां येणार?