नव्या शहरांतील पहिली संध्याकाळ

आपल्या शाळेंतून दरवर्षीं कांहीं विद्यार्थी पुढील शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं मुंबईस जातात. बरोबर सामान किती द्यावें, पैसे कोणत्या खिशांत ठेवावे, याचा विचार आईबाप बारकाईनें करितात. परंतु नव्या शहरीं पोंचल्यावर पहिली संध्याकाळ कशी घालवावी, हें बहुधा कोणी सांगत नाहीं. माझी स्वतःची चूक सांगून तें समजाविण्याचा येथें विचार आहे.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं पदवी घेऊन मी नागपुराहून मुंबईस गेलों व मरोळ येथें एका नातलगांच्या खोलींत उतरलों. प्रवासानें शरीर शिणलें होतें. तरी समुद्र पाहिल्यावांचून दिवस मावळूं द्यावयाचा नाहीं, या हट्टानें पेटी ठेवून तसाच गिरगांव चौपाटीस गेलों. परत अंधेरीस आलों तों रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणि चाळीचें नांव कांहीं केल्या आठवेना! एका पानवाल्यानें धीर दिला व तासाभराच्या शोधानंतर घर सांपडलें. या गडबडींत आईस सुखरूप पोंचल्याचा निरोप द्यावयाचा राहिला. ती रात्रभर जागी होती. ती चौपाटी आज मला फारशी आठवत नाहीं. दुसऱ्या दिवशीं दूरध्वनीवर ऐकलेला आईचा कापरा आवाज मात्र विसरलों नाहीं.

थकलेल्या मनास नव्या खुणा नीट टिपतां येत नाहींत. शिवाय परक्या जागीं पहिली झोपही अपुरी लागते. अमेरिकेंतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें कीं, अशा पहिल्या रात्रीं मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षां सावध राहते व बारीकशा आवाजानेंही जागृत होते. त्याच जागीं पुन्हां झोपल्यावर हा फरक दिसला नाहीं. म्हणजे, पहारेकरी अर्धा जागाच असतो. म्हणून त्या संध्याकाळीं श्रम वाढवूं नयेत.

मुंबईचा सूर्यही पाहुण्यास फसवितो. सर्व देशाचें घड्याळ एकच; परंतु मुंबई नागपुराच्या पश्चिमेस असल्यामुळें तेथें सूर्य ऋतुमानाप्रमाणें वीस ते तीस मिनिटें उशिरां मावळतो. अजून उजेड आहे म्हणून हिंडत राहूं नये. जेवणाची व झोपेची वेळ घड्याळानें ठरवावी.

मग करावें काय? प्रथम घरीं निरोप द्यावा. नंतर उतरल्या जागेचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून खिशांत ठेवावा. हातपाय धुऊन थोडें स्वस्थ बसावें आणि उन्हें उतरल्यावर जवळच्या नाक्यापर्यंत सावकाश फिरून यावें. मरोळ नाक्यावर २०१४ सालापासून उंच पुलावरची मेट्रो धांवते, आणि २०२४ सालापासून जमिनीखालची दुसरी मेट्रोही तेथेंच येते. स्थानकाच्या कोणत्या दारानें बाहेर पडलें असतां आपली वाट लागते, तेवढें त्या दिवशीं शिकलें तरी पुरे. अंधेरी-कुर्ला रस्ता कोणत्या बाजूस, मरोशीची वाट कोणती, हें कोणा दुकानदारास विचारावें. त्यानें ओळखही होते. परततांना वाटेंतील खुणा मनाशीं उलट क्रमानें म्हणाव्या. साधा वरणभात जेवावा व लवकर अंथरुणास पाठ टेकावी.

पाहण्याजोगें पुष्कळ आहे. मरोळजवळच महाकालीचीं एकोणीस बौद्ध लेणीं डोंगरांत कोरलेलीं आहेत; त्यांपैकीं जुनीं सुमारें दोन हजार वर्षांचीं आहेत. इतकीं वर्षें तीं थांबलीं. तुमच्यासाठीं आणखी एक रात्र खचित थांबतील. समुद्रही कोठें जात नाहीं. थांबूं शकत नाहीं ती एक आईच. तिला पहिला निरोप द्या, मग निश्चिंतपणें झोपा.